हत्ती गेला, शेपूट अडकलं: डेन्वर गोल लाइनपाशी का अडत होतं, त्याची पार्श्वभूमी

६ ऑक्टोबर २०२२, गुरुवारची रात्र, डेन्वर, अमेरिकन फुटबॉलच्या प्रोफेशनल लीगची मॅच. ओव्हरटाइम चालू, इंडियानापोलिस १२-९ ने पुढे. डेन्वर ५ यार्ड लाइनवर (समोरच्याच्या गोल लाइनपासून ५ यार्डांवर), फोर्थ डाउन (१० यार्ड काढायला चार डाउन म्हणजे चार प्रयत्न मिळतात, त्यातला शेवटचा), आणि पुढे सरकायला फक्त १ यार्ड हवा. फील्ड गोल (लाथेने बॉल गोलपोस्टमधून, ३ पॉइंट) मारला असता तर बरोबरी झाली असती, पळून तो १ यार्ड काढला असता तर नव्याने चार डाउन मिळाले असते. यांनी पास टाकला, एंड झोनमधे (गोल लाइनपलीकडचा पट्टा, तिथे बॉल नेला किंवा पकडला की टचडाउन), समोरच्या कॉर्नरबॅकने (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) हात घालून तो उडवला आणि मॅच संपली. दुसरा एक रिसीव्हर (पास पकडणारा) त्याच वेळी एकदम मोकळा होता, क्वार्टरबॅकने (पास टाकणारा) तिकडे बघितलंच नाही. वाईट म्हणजे चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या अडीच मिनिटांत, डेन्वर ९-६ ने पुढे असताना, १३ यार्ड लाइनवरून टाकलेला पास याच कॉर्नरबॅकने एंड झोनमधे पकडून घेतला होता. पूर्ण मॅचमधे दोन्ही बाजूंचा मिळून एकही टचडाउन नाही.

त्या सीझनला डेन्वरबद्दल जो तो एकच विचारत होता, की ८० यार्ड येतात मग शेवटी घोडं नेमकं कुठे पेंड खातं? उत्तरात बहुतेक लोक क्वार्टरबॅककडे बोट दाखवायचे आणि लगेच त्याने २०१५ ला सिएटलकडून खेळताना टाकलेला तो पास काढायचे. मला हे अर्धवट वाटतं, म्हणून जरा मागे जाऊन लिहितो.

फार जुनं थोडक्यात. फॉरवर्ड पास १९०६ मधे कायदेशीर झाला पण गोल लाइनच्या पलीकडे पकडलेला पास टचडाउन धरत नव्हते. १९१२ ला मैदान १०० यार्डांचं केलं, दोन्ही टोकांना १० यार्डांचा एंड झोन आला, चौथा डाउन आला, टचडाउनचे ६ पॉइंट झाले, आणि मग एंड झोनमधल्या पासला अर्थ आला. प्रोफेशनल लीगमधे तर १९३३ ते १९७३ गोलपोस्ट चक्क गोल लाइनवरच उभे होते, रिसीव्हरला खांब चुकवून पळावं लागायचं. १९७४ ला ते मागे एंड लाइनवर नेले. त्या काळात १ यार्ड उरला की पळायचं एवढंच डोक्यात असायचं, १९६७ च्या ३१ डिसेंबरला ग्रीन बेच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत तिथलाच क्वार्टरबॅक १६ सेकंद उरले असताना स्वतःच घुसला आणि डॅलसला २१-१७ हरवलं, ते अजून सांगितलं जातं. त्यातही टाइमआउट संपलेले होते आणि पळणं फसलं असतं तर पुढचा प्ले (चाल) मिळाला नसता, हे मात्र सांगताना गळतं.

मुळात तिथे अवघड काय असतं तर जागा. मैदानाच्या मधून रिसीव्हरला एंड झोन धरून ६० यार्ड पळायला असतात, ५ यार्ड लाइनवर फक्त १५. रुंदी तेवढीच, ५३ यार्ड आणि थोडं वर, पण खोली संपलेली. मागची एंड लाइन बचाव करणाऱ्यांचा बारावा माणूस होते. सेफ्टीला (सगळ्यात मागे उभा राहणारा बचावपटू) मागे राहायचं कारणच उरत नाही, तो पुढे येतो, म्हणजे पळायचं तरी एक माणूस जास्त आणि पास टाकायचा तरी फट बारीक. लांब पल्ल्याचा बॉल हे ज्याचं मुख्य हत्यार आहे त्याचं हत्यार इथे म्यान होतं. आणि डेन्वरने आणलेला क्वार्टरबॅक नेमका तसा, उंच कमानीचा लांब बॉल टाकण्यात लीगमधल्या सगळ्यात चांगल्यांपैकी, पण स्वतःची उंची ५ फूट ११ इंच, गर्दीच्या मधून खाली पास टाकणं त्याने कायमच कमी केलेलं.

आता २०१५. १ फेब्रुवारी, ॲरिझोनातलं ग्लेनडेल, सुपर बोल म्हणजे लीगची फायनल. आपल्याकडे सोमवारची सकाळ होती, मी ऑफिसला निघायचा थांबून बघत होतो. न्यू इंग्लंड २८-२४ ने पुढे. सिएटल ५ यार्ड लाइनवर पोचलं, रनिंग बॅकने (बॉल घेऊन पळणारा) ४ यार्ड काढले, आता १ यार्ड बाकी, सेकंड डाउन, २६ सेकंद, सिएटलकडे एकच टाइमआउट. त्यांनी पास टाकला, मधल्या गर्दीत आतल्या बाजूला कापणारा छोटा स्लँट, आणि ड्राफ्टमधे (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे) कुणीच न निवडलेल्या एका नवख्या कॉर्नरबॅकने तो पकडला. हातातोंडाशी आलेला घास गेला. आजही कुठल्याही गप्पांत पहिलं वाक्य तेच येतं, एवढा दणकट रनिंग बॅक असताना त्याच्या हातात बॉल का नाही दिला.

यात दोन निर्णय एकत्र कालवले जातात, पास टाकायचा हा एक आणि कुठला पास टाकायचा हा दुसरा. पहिल्याचं गणित मांडून बघा. तीन डाउन, २६ सेकंद, एक टाइमआउट. सेकंड डाउनला पळाले आणि अडले तर टाइमआउट तिथेच जाणार, मग थर्ड डाउनला परत पळून अडले तर घड्याळ चालूच राहणार आणि फोर्थ डाउन घाईगडबडीत. म्हणजे तिन्ही डाउन नीट वापरायचे तर सेकंड किंवा थर्डपैकी एकदा पास हवाच होता, कारण पास पडला तर घड्याळ थांबतं. त्यात न्यू इंग्लंडने तीन कॉर्नरबॅक ठेवून बाकी सगळे जाडजूड गडी आत आणलेले आणि सिएटलचे तीन रिसीव्हर बाहेर पांगलेले, या गटासमोर पळण्यात अर्थ नाही हेच सिएटलच्या कोचने नंतर कारण दिलं. तो रनिंग बॅक त्या सीझनला १ यार्ड लाइनवरून पाच वेळा पळाला होता आणि टचडाउन एकदाच झालं होतं, हे कुणी सांगत नाही. त्या आधी पूर्ण सीझनभर लीगमधे १ यार्ड लाइनवरून टाकलेला एकही पास इंटरसेप्ट झालेला (समोरच्याने पकडलेला) नव्हता. माझं मत स्पष्ट आहे, पास टाकायचं ठरवणं चूक नव्हतं.

चूक होती ती कुठला पास यात. कोपऱ्यात उंच टाकला असता, किंवा क्वार्टरबॅकला बाजूला पळत नेऊन दोन पर्याय दिले असते, तर एक तर टचडाउन नाहीतर बॉल बाहेर, हवेत. स्लँटमधे बॉल जातोच जिथे सगळ्यात जास्त माणसं आहेत तिथे. आणि तो प्ले जमायला एका रिसीव्हरने समोरच्या कॉर्नरबॅकला रेटून दुसऱ्याची वाट मोकळी करायची असते, तर समोर उभा होता तो आडदांड कॉर्नरबॅक आधीच्या सीझनपर्यंत सिएटलमधेच खेळत होता. त्याने रिसीव्हरला जागेवरच धरून ठेवलं. नवख्या पोराला हाच प्ले प्रॅक्टिसमधे एकदा चकवून गेला होता, त्यामुळे फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी) दिसताच तो धावला. न्यू इंग्लंडच्या कोचने टाइमआउट घेतला नाही आणि सिएटलला शांत विचार करायला वेळ मिळाला नाही, तोही वादाचा मुद्दा आहेच, पण जिंकलेल्या माणसाला असले प्रश्न कुणी फार विचारत नाही.

त्यानंतर सिएटलने काय केलं ते जास्त महत्त्वाचं. दीडच महिन्यात त्यांनी आपला सेंटर (बॉल मागे देणारा मधला गडी) आणि पहिल्या राउंडचा पिक (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क) देऊन न्यू ऑर्लिन्सकडून उंच टाइट एंड (पास पकडणारा धिप्पाड गडी) आणला, गोल लाइनपाशी वर टाकायला कुणीतरी हवं म्हणून. सेंटर दिला म्हणजे मधली भिंत दिली. उंच माणूस आला आणि पळायला जागा करणारा गेला. २०१७ ला क्वार्टरबॅकचे ३४ टचडाउन पास, लीगमधे सगळ्यात जास्त, आणि त्याच सीझनला सिएटलच्या सगळ्या रनिंग बॅकचं मिळून पळून केलेलं टचडाउन एकच. म्हणजे या माणसाला गोल लाइनपाशी जमतच नव्हतं हे खोटं आहे, २०२० ला त्याने ४० टचडाउन पास दिले. पण त्याला उंच टार्गेट लागायचं, आणि प्ले फिसकटल्यावर स्वतःच्या पायांनी वेळ काढावा लागायचा.

मार्च २०२२ ला तो डेन्वरला गेला. बदल्यात डेन्वरने दोन पहिल्या राउंडचे पिक, दोन दुसऱ्या राउंडचे, अजून एक पाचव्या राउंडचा आणि तीन खेळाडू दिले, आणि त्या तिघांत त्यांचा तरुण टाइट एंड होता. ऑगस्टच्या कॅम्पमधे ६ फूट ४ इंचाचा रिसीव्हर गुडघा दुखावून पूर्ण सीझन बाहेर. म्हणजे ज्या दोघांकडे बॉल वर टाकायचा ते दोघेही सीझन सुरू व्हायच्या आधीच नाहीत. सप्टेंबरच्या सुरुवातीला ५ वर्षांचं २४.५ कोटी डॉलरचं नवीन कॉन्ट्रॅक्ट झालं, आणि पहिलीच मॅच १२ सप्टेंबरला सिएटलमधे. तिथे तिसऱ्या क्वार्टरमधे दोन वेगवेगळ्या रनिंग बॅकनी १ यार्ड लाइनवर बॉल सोडला, दोन्ही वेळा. १७-१६ ने हरले. हे दोन्ही फंबल पळताना झालेत हे लक्षात घ्या, २०१५ पासून सगळे ओरडत होते तेच यांनी केलं होतं. २ ऑक्टोबरला त्यातल्या तरुण रनिंग बॅकचा गुडघा गेला आणि चारच दिवसांनी ती इंडियानापोलिसची रात्र, त्यात क्वार्टरबॅकचा खांदा पण दुखत होता. फोर्थ डाउनला पळायचं नाही असं का वाटलं याचं थोडं कारण इथे आहे, तरी १ यार्डासाठी एंड झोनमधे टाकायची गरज नव्हती असंच मी म्हणेन.

रेड झोन या शब्दाने पण घोळ होतो. रूलबुकमधली ही काही रेघ नाही, २० यार्डांच्या आत पोचलात की रेड झोन असं लोकांनी ठरवलेलं. सिएटलच्या त्या मॅचमधलं डेन्वरचं एकमेव टचडाउन ६७ यार्डांच्या पासवर झालं, ते रेड झोनच्या आकड्यात (आत पोचल्यावर किती वेळा टचडाउन झालं) येतच नाही. उलट १९ यार्डवर अडून फील्ड गोल मारला तर तो अपयशात जातो, आणि १ यार्डवर चार वेळा आपटून रिकामं परतलात तरी तेवढंच एक अपयश धरतात. १९ वरचं अडणं प्रोटेक्शनचं (क्वार्टरबॅकला वाचवण्याचं) असतं, १ वरचं ताकदीचं आणि घड्याळाचं, आकडा दोन्हीला एकच.

डेन्वरने तो सीझन ५-१२ संपवला, मॅचमागे १६.९ पॉइंट, लीगमधे सगळ्यात कमी, क्वार्टरबॅकचे टचडाउन पास १६. कोचला १५ मॅचनंतर काढलं. २०२३ ला नव्या कोचखाली त्याच क्वार्टरबॅकचे १५ मॅचमधे २६ टचडाउन पास झाले, फक्त ८ इंटरसेप्शन, तरी शेवटच्या दोन मॅच त्याला बाहेर बसवलं आणि मार्च २०२४ ला सोडून दिलं. आणि त्या ५-१२ च्या सीझनमुळे डेन्वरचा जो पहिल्या राउंडचा पिक सिएटलकडे गेला तो २०२३ च्या ड्राफ्टमधे पाचव्या नंबरचा निघाला. सिएटलने त्यावर एक कॉर्नरबॅक घेतला.