‘माणूस बघताक्षणी कळतो’ हा गैरसमज

‘दारातून आत येतानाच माणूस कळतो,’ हे सोलापुरात एमबीएच्या मुलांना भरती शिकवताना मला दरवर्षी ऐकावं लागतं. नाही कळत. पहिल्या पाच मिनिटांत ठसतात ते कपडे, बोलणं, ओळखीचं गाव. पुढे आपण त्याच मताला पुरावे शोधत बसतो. १९९८ साली श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी उमेदवार निवडण्याच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. सगळ्यांना तेच प्रश्न आणि आधी ठरवलेले गुण, अशी मुलाखत गप्पांवजा मुलाखतीपेक्षा कामाचा अंदाज चांगला देते, असं दिसलं.

म्हणून मी मुलांना टॉवेल कारखान्यातल्या तपासनिसाची जागा भरायला लावते. उमेदवारापुढे दहा टॉवेल ठेवायचे: सुटलेला धागा, तेलाचा डाग, वाकडी शिवण शोधायला सांगायचं. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकानं गुण स्वतंत्र लिहायचे, बोलायचं नंतर. मागच्या वेळी अडखळत बोलणाऱ्या मुलीनं सगळे दोष काढले.