उधारीची फाईल आणि तिचं कुलूप

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात जून लागला की कृषी केंद्रातून बियाणं-खत उधारीवर उचललं जातं आणि कापूस विकला की चुकतं होतं. मधल्या महिन्यांत कोणाकडे किती बाकी, हे आजोबांच्या वेळी लाल कापडाच्या वहीत असे, आता कॉम्प्युटरमधल्या एका फाईलीत असतं. गावाची अब्रूच ती. मागच्या पावसाळ्यात आमच्या दुकानातलं मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाल्यानं हार्ड डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली, आणि आमचा पासवर्ड न विचारताच नावानिशी सगळी बाकी पडद्यावर आली. त्यानं काही गैर केलं नव्हतं. आमचा पासवर्ड प्रोग्रामला होता, फाईल उघडीच होती.

प्रोग्रामचा पासवर्ड आणि फाईलीचं कुलूप या दोन गोष्टी एकच वाटाव्यात, याला जुना इतिहास आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात एकच मोठा कॉम्प्युटर अनेक जण वाटून वापरत. ज्याच्या त्याच्या फाईली आणि वापराचा वेळ वेगळा राहावा म्हणून तिथे पासवर्ड आला. पण सगळे पासवर्ड एका फाईलीत साध्या अक्षरांत लिहिलेले होते. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाला ठरवून दिलेला वेळ पुरेना, तेव्हा त्यानं ती फाईलच छापून घेतली. १९६६ मध्ये तर एका चुकीमुळे जो लॉगिन करेल त्याच्यापुढे ती यादी येऊ लागली. म्हणजे पासवर्ड जन्मला तो दारावरचा राखणदार म्हणून. आतला माल झाकणं हे त्याचं काम कधी नव्हतंच.

एन्क्रिप्शन म्हणजे मालच बदलून टाकणं. पासवर्डापासून एक किल्ली तयार होते आणि तिच्याशिवाय फाईलीतली अक्षरं नुसता कचरा असतो. मग हे हिशेबाच्या प्रोग्रामांत आधीच का आलं नाही? क्विकन १९८४ मध्ये आलं, मायक्रोसॉफ्ट मनी १९९१ मध्ये. तेव्हाची घरगुती मशीन मंद होती, हे एक. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: अमेरिका मजबूत एन्क्रिप्शनला युद्धसामग्रीसारखं मोजत असे, आणि परदेशी जाणाऱ्या प्रोग्रामांत साधारण ४० बिटांचीच, म्हणजे ४० शून्य-एकांची, किल्ली चाले. तशा किल्ल्या होतात सुमारे १.१ लाख कोटी. ऐकायला प्रचंड, पण कॉम्प्युटरला त्या एकेक करून लावून पाहता येतात. १९७७ पासून मानक असलेली ५६ बिटांची डीईएस ही एन्क्रिप्शनची पद्धतसुद्धा १९९८ मध्ये खास बांधलेल्या यंत्रानं ५६ तासांत फोडली. २००० मध्ये निर्यातीचे निर्बंध सैल झाले, २००१ मध्ये एईएस हे नवं मानक आलं.

एक्सेलमध्ये हा सगळा इतिहास अजून दिसतो. शीटला लावलेलं 'प्रोटेक्ट' म्हणजे फक्त हात लावू नका अशी पाटी, ती काढून टाकता येते. फाईल उघडण्याचा पासवर्ड वेगळा. २००३ पर्यंतच्या एक्सेलमध्ये तो बहुधा त्याच ४० बिटांवर चाले, २००७ पासून एईएस आलं. आपल्याकडे घरोघर ओळखीच्या टॅलीतही दोन थर आहेत: युजरचं नाव-पासवर्ड हा एक, आणि 'टॅलीव्हॉल्ट' हा दुसरा. डेटा खरोखर एन्क्रिप्ट होतो तो दुसऱ्यानं. त्याचा पासवर्ड विसरलात तर कंपनीवालेही डेटा परत काढून देऊ शकत नाहीत.

ग्नूकॅश या हिशेबाच्या प्रोग्रामनं वेगळीच वाट धरली: त्यात पासवर्डच नाही, फाईल झाकण्याचं काम बाहेरच्या साधनावर सोडलेलं आहे. मला हे प्रामाणिक वाटतं. निदान खोटा भरवसा तरी मिळत नाही.

किल्ली हरवली की काय होतं, ते आमच्या घरानं पाहिलंय. आजोबांच्या वह्या मोडी लिपीत आहेत. मोडी काही गुप्त लिपी नव्हे, पण वाचणारं माणूस गेलं आणि वह्या मुक्या झाल्या. म्हणून आता उधारीची फाईल सेव्हन-झिप या फाईली बांधायच्या प्रोग्रामनं एईएस-२५६ मध्ये बांधून पेनड्राईव्हवर ठेवतो, आणि तिचा पासवर्ड कागदावर लिहून सातबाराच्या उताऱ्यांसोबत आईच्या ट्रंकेत.