जेट की स्टर्नड्राइव्ह: पंख्याचं राहू द्या, सुकाणूचं बोला

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र जरा निवळला, की माझ्या होड्यांच्या शेडवर एकाच प्रकारचं गिऱ्हाईक सुरू होतं. नागाव-काशीदकडे बंगला बांधून झालेला असतो, आता होडी हवी असते. सोबत बायको, दोन मुलं, कधी आजी-आजोबाही. आणि वाक्य ठरलेलं: "जेटच घ्यायचं ठरवलंय. तिला पंखा नसतो ना, पोरांना सेफ." पंखा म्हणजे पाण्यात फिरून होडी ढकलणारा प्रोपेलर. पूर्वी मी मान हलवायचो. आता चहा मागवतो आणि बसवून घेतो.

आधी नावांचा घोळ मिटवू, तो फार मोठा नाही. आउटबोर्ड सगळ्यांना ठाऊक आहे. तारकर्लीला डॉल्फिन बघायला गेलेल्या प्रत्येकाने ते होडीच्या मागे टांगलेलं इंजिन पाहिलंय. स्टर्नड्राइव्ह म्हणजे त्याचंच श्रीमंत भावंड समजा. इंजिन मोटारगाडीच्या घराण्यातलं, पण होडीच्या पोटात, मागच्या बाजूला झाकणाखाली. मागच्या फळीतून एक पाय बाहेर काढलेला, त्याच्या तळाला पंखा. स्टिअरिंग फिरवलं की तो सबंध पाय डावीउजवीकडे वळतो. १९५९ मध्ये व्होल्व्हो पेंटाने ही जोडणी बाजारात आणली आणि पुढची कित्येक वर्षं कुटुंबाची होडी म्हटली की हीच. मागचा पाय बघून हिला आउटबोर्ड म्हणणारे रोज भेटतात. म्हणा, त्याने कुणी बुडत नाही.

जेटमध्येही इंजिन पोटातच. पण पाय नाही, बाहेर पंखा नाही. होडीच्या तळाला जाळी लावलेलं तोंड असतं, त्यातून पाणी आत ओढलं जातं, बोगद्यात बसवलेला इम्पेलर ते दाबाने मागे ढकलतो आणि नोझलमधून धार बाहेर पडते. ती धार होडीला पुढे रेटते. स्टिअरिंग फिरवलं की नोझल वळतं. म्हणजे पंखा आहेच, फक्त घरात लपलाय. किनाऱ्यावर भाड्याने फिरवतात त्या जेट-स्कीलाही लोक जेट बोटच म्हणतात. यंत्र एका जातीचं असलं तरी आपण बोलतोय ते आठ-नऊ माणसं बसणाऱ्या होडीबद्दल.

आता जिथे माणसं खरोखर फसतात तिथे येऊ.

वाडीत माडांना पाइपने पाणी घालताना बघा. पाइपचं तोंड उजवीकडे केलं की धार उजवीकडे. आता कुणीतरी पंप बंद केला. पाइप कितीही वळवा, पाणीच नाही तर वळणार काय? जेट बोटीचं सुकाणू म्हणजे ही धार. दुसरं सुकाणू तिला नाही. थ्रॉटल, म्हणजे होडीचा हाताने चालवायचा अ‍ॅक्सिलरेटर, सोडला की धार मरते, आणि धार मेली की स्टिअरिंग नुसतं हातात फिरतं. होडी वेगात असेल तर ज्या दिशेला तोंड होतं त्याच दिशेला सरळ घसरत जाते.

स्टर्नड्राइव्हचा थ्रॉटल सोडला तर पंख्याचा जोर जातो, वळण बोथट होतं, हे खरं. पण पाय पाण्यात उभाच असतो. होडीला वेग आहे तोवर तो जुन्या गलबताच्या सुकाणूसारखं थोडंफार काम करतोच. थोडंफार. पण अडचणीच्या दोन सेकंदांत तेवढंच लागतं.

कारण गाडी चालवणाऱ्याचा हात आणि पाय वर्षानुवर्षं एकच शिकलेत: समोर काही आलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि वळायचं. जेटमध्ये याच्या उलट. वळायचं असेल तर थ्रॉटल द्यावा लागतो. समोर होडी दिसत असताना वेग वाढवायचा, हे सांगायला सोपं आहे. हाताला पटवणं सोपं नाही.

माझ्या भाऊजींनी पुण्याहून सेकंडहँड जेट आणली. गणपती होऊन गेले होते, रेवदंड्याच्या खाडीत ओहोटी लागलेली, ताई आणि भाचे मागे बसलेले, मी भाऊजींच्या शेजारी. कोर्लईच्या बाजूने एक म्हातारबाबा छोट्या होडीत उभे राहून पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकत होते. ते नेमके आमच्या वाटेत आले. भाऊजी तीस वर्षं गाडी चालवणारे, अपघात एकही नाही. त्यांनी तेच केलं जे चांगला ड्रायव्हर करील. थ्रॉटल पूर्ण मागे, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. होडीचं नाक थोडं खाली बसलं आणि आम्ही त्या होडीच्या दिशेने नाकासमोर. भाऊजी स्टिअरिंग आणखी वळवत होते, जसं काही आणखी वळवल्याने होईल. मी "भाऊजी, सोडा" म्हणत त्यांच्या हातावरूनच थ्रॉटल पुढे ढकलला. मागून धार आली आणि होडी टाचेवर फिरल्यासारखी डावीकडे गेली. म्हातारबाबांच्या आणि आमच्या मध्ये दोन वाव पाणी उरलं असेल. लाटेने त्यांचा पाग हातातून सुटला. भाऊजींनी नवीन पागाचे पैसे दिले, वर शिव्याही खाल्ल्या. दोन्ही रास्त.

भाऊजींचं तेव्हापासूनचं म्हणणं, "मला कुणी सांगितलंच नाही." विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं हे खरं. त्याने सांगितलं होतं, पंखा नाही म्हणून सेफ.

नव्या जेट बोटींत यावर उपाय केलेत. नोझलला किंवा त्याच्या खाली फिन, म्हणजे छोट्या सुकाणूसारखी पट्टी, लावतात, काहींत थ्रॉटल सोडल्यावरही इंजिन क्षणभर थोडं जास्त फिरतं ठेवतात, काहींना ब्रेकसारखा रिव्हर्स असतो. फरक पडतो. पण सेकंडहँड बाजारात फिरणाऱ्या जुन्या होड्यांत यातलं काय आहे ते खाली वाकून बघितल्याशिवाय धरून चालू नका.

याच गोष्टीचं दुसरं टोक जेट्टीवर दिसतं. स्टर्नड्राइव्हला खरा न्यूट्रल असतो. लिव्हर मध्ये आणली, खट्‌ आवाज झाला, पंखा थांबला. बहुतेक जेटांत इंजिन चालू म्हणजे इम्पेलर चालू. न्यूट्रल म्हणजे फक्त नोझलमागची बादली, म्हणजे धार अडवून उलटी वळवणारं झाकण, अशा जागी आणलेली असते की अर्धी धार पुढे, अर्धी मागे. दोन्ही सारख्या जुळल्या तर होडी थांबते, नाहीतर सरपटत राहते. नवखा माणूस "न्यूट्रलमध्ये आहे, मग चाललीय का?" म्हणत जेट्टीवर आपटतो. आणि मुख्य म्हणजे, त्या "न्यूट्रल"मध्येही तळाचं तोंड पाणी ओढतच असतं. दोरी, लाइफ जॅकेटचा लोंबता पट्टा, मोकळे केस, सगळं आत जाऊ शकतं. मागच्या धारेचा जोरही अंगावर घ्यायचा नसतो. तेव्हा पंखा नाही म्हणून इंजिन चालू ठेवून पोरांना मागच्या शिडीवरून चढवणारा बाप दिसला की माझं डोकं फिरतं. नियम दोन्हींना एकच: कुणी पाण्यात असेल तर इंजिन बंद, किल्ली खिशात. हा नियम पाळलात तर जेटचा तो मोठा फायदा बराचसा आटतो. पूर्ण नाही. चालत्या होडीच्या पुढच्या टोकावरून कुणी पडलं, तर उघडा पंखा आणि लपलेला पंखा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून पोरांना नाळेवर पाय सोडून बसवायचं नाही. कुठल्याच होडीत.

दुसरा गैरसमज उथळ पाण्याचा. "जेट वाळूवरसुद्धा चालते." जेटचा जन्म उथळ नद्यांसाठीच झाला, १९५० च्या दशकात, न्यूझीलंडमध्ये, बिल हॅमिल्टन या माणसाच्या हातून. १९७७ मध्ये एडमंड हिलरी जेट बोटी घेऊन गंगासागरहून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध थेट नंदप्रयागपर्यंत गेले, तिथे धबधब्याने अडवलं. त्यामुळे जेट उथळात जात नाही असं मी म्हणणार नाही. वेगात, पाण्यावर उठलेली जेट वीतभर पाण्यावरून निघून जाईल. पण तुम्ही हिलरी नाही, आणि सहलीला गेलेलं कुटुंब उथळात वेगात जात नाही; थांबतं, पोहतं, मग इंजिन सुरू करतं. तिथेच घोळ होतो. तळाचं तोंड व्हॅक्यूम क्लीनरसारखं वाळू आणि शिंपल्यांचा चुरा वर ओढतं. इम्पेलर आणि त्याभोवतीची कडी यांच्यात कागदाएवढी फट असते, वाळू ती खाऊन वाढवते. मग इंजिन ओरडतं आणि होडी जात नाही. म्हणून तर मॅन्युअलात इंजिन सुरू करताना तळाखाली दोन-तीन फूट पाणी ठेवा असं छापलेलं असतं. तेवढ्या पाण्यात स्टर्नड्राइव्हचा पाय थोडा वर उचलून सावकाश निघता येतं. पंख्याची पाती वाळूला लागली तर वाकतील. दुसरा पंखा लॉकरमध्ये ठेवा, अर्ध्या तासाचं काम.

आणि आपलं पाणी नुसतं वाळूचं नाही. गणपतीनंतरच्या आठवड्यात खाडीत काय तरंगतं ते आठवा: हार, केळीचे खुंट, थर्माकोल, दुर्वांचे जुडगे, प्लॅस्टिक. वर जाळ्यांचे तुटके तुकडे आणि सुंभ बारा महिने. भाऊजींच्या जेटमधून मी एकदा झेंडूचा अख्खा हार काढलाय, दोऱ्यासकट, इम्पेलरभोवती असा आवळलेला की करवतीच्या पात्याने कापावा लागला. काही जेटांना वरून हात घालून साफ करायची खिडकी असते. ती नसेल तर खाली बुडी मारा. स्टर्नड्राइव्हच्या पंख्यालाही दोर गुंडाळतो, पण इंजिन बंद करून पाय वर घ्या, मागच्या फळीवर पालथे झोपा, सुरीने कापा. चिडचिड तेवढीच, पण तुम्ही होडीत असता.

आता स्टर्नड्राइव्हचं वाईट, कारण तेही लपवतात. तिचा पाय जिथून बाहेर येतो तिथे रबराचे बेलोज असतात, हार्मोनियमच्या भात्यासारखे. ते फाटले तर पाणी थेट पोटात. खाडीत नांगरून ठेवलेली होडी सकाळी बुडालेली सापडते ती बहुधा याच कारणाने. तडा दिसायची वाट बघू नका, ठरल्या वेळी बदला. शिवाय पाय अ‍ॅल्युमिनियमचा आणि पाणी खारं. म्हणून त्यावर गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे लावलेले असतात. खाऱ्या पाण्यात जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे, गोड्यात मॅग्नेशियमचे. पानशेतवर फिरलेली सेकंडहँड होडी तशीच समुद्रात उतरवलीत तर मॅग्नेशियम बघता बघता विरघळेल आणि पुढचा नंबर पायाचा. अर्धे झिजले की बदलायचे. आणि कृपा करून ते तुकडे रंगवू नका! होडी चकाचक दिसावी म्हणून रंगवलेले आणून वर "गंज कसा लागला?" विचारणारे मला वर्षाला दोन तरी भेटतात.

यावर कुणी म्हणेल, मग जेटच बरी, ना पाय ना बेलोज. पण जेटचा पंप उचलताच येत नाही. पाण्यात उभी ठेवलीत तर बोगद्यातच कवचाचे किडे घर करतात. दोन्हींपैकी काहीही घ्या, ट्रेलरवर घरी आणा आणि गोड्या पाण्याने आतून धुवा. जागा नसेल, होडी सहा महिने पाण्यातच राहणार असेल, तर दोन्ही सोडा आणि आउटबोर्ड घ्या. ते अख्खं पाण्याबाहेर येतं. माझ्याकडचं काम कमी होईल, होऊ दे.

बाकीचं किरकोळ. जेट पेट्रोल जास्त पिते, सावकाश फिरताना विशेष. आवाज करते, कारण तिचं इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या पुढे फिरतं तेव्हा जोर येतो. स्टर्नड्राइव्ह त्याच्या निम्म्यात निवांत जाते. जेट एका जागी गर्रकन फिरते, पोरांना आवडतं, आजीला नाही. दोन्हींत पेट्रोल इंजिन बंद पोटात आहे, म्हणून किल्ली फिरवण्याआधी ब्लोअर, म्हणजे आत साठलेली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा, चार मिनिटं चालवायचा. चार म्हणजे चार.

माझं मत विचाराल तर खाडी ओलांडून समुद्रात जाणाऱ्या, लहान मुलं असलेल्या आणि गाडीच्या सवयीने होडी चालवणाऱ्या घराला स्टर्नड्राइव्ह. जेट मी त्यालाच देतो ज्याने महिनाभर माझ्यासोबत फिरून तो उलटा थ्रॉटल हातात मुरवलाय. ताईने मुरवला. आता भाऊजी मागे बसतात.

तरीही जेटच हवी असेल तर ट्रायल नीट मागा. विकणारे ट्रायल भरतीच्या ऐन माथ्यावर ठेवतात, पाणी थांबलेलं, आरशासारखं. त्या पाण्यात टबसुद्धा छान चालतो. पौर्णिमेनंतर दोन दिवसांची वेळ घ्या. आपल्याकडे तेव्हा भरती दुपारी दीड-दोनच्या सुमारास असते. तुम्ही चार-साडेचारला जा, ओहोटी जोरात लागलेली असेल. मोकळ्या पाण्यात वेग घ्या, थ्रॉटल सोडा, स्टिअरिंग वळवा आणि होडी किती लांब सरळ जाते ते मोजा. मग जेट्टीला लावून बघा, पाणी आडवं ओढत असताना. घरात होडी जे जे चालवणार, त्या प्रत्येकाच्या हातात द्या. विकणारा "आज पाणी जरा जास्त ओढतंय, रविवारी या" म्हणाला, तर रविवारी भरती किती वाजता आहे ते तिथेच उभं राहून बघा.