सार्वमत आणि लोकसल्ला: सुदानच्या करारातली दोन सारखी दिसणारी कलमे

९ जानेवारी २००५ रोजी नैरोबीत सुदान सरकार आणि जॉन गरांग यांची एसपीएलएम ही बंडखोर संघटना यांच्यात सर्वंकष शांतता करार झाला. त्यात दक्षिण सुदानला सार्वमत मिळाले, म्हणजे वेगळे व्हायचे की नाही यावर थेट मतदान. नुबा पर्वतांचा दक्षिण कोर्डोफान आणि ब्लू नाईल या दोन राज्यांना मिळाला लोकसल्ला, अरबीत 'अल-मशूरा अल-शाबिया'. दोन्हीकडे लोकांना विचारायचे होते, दोन्हींचे कायदे डिसेंबर २००९ मध्ये झाले आणि दोन्हींची मुदत सहा वर्षांच्या त्याच अंतरिम काळात संपत होती. त्यामुळे लोकसल्ला म्हणजे आपले धाकटे सार्वमत, वेळ आली की आपणही दक्षिणेकडे जाऊ, असे अनेक नुबा लोक शेवटपर्यंत धरून चालले होते. कलमात तसे काही नव्हते.

हा फरक आला कुठून? सीमारेषेतून. केनियातल्या मचाकोस इथे २० जुलै २००२ रोजी झालेल्या मसुद्यात खार्तूमने, म्हणजे सुदान सरकारने, दक्षिणेचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला. पण दक्षिण म्हणजे कोणती? १ जानेवारी १९५६ ला, सुदान स्वतंत्र झाला त्या दिवशी असलेली प्रांतिक सीमा धरायची असे ठरले. नुबा पर्वत आणि ब्लू नाईल त्या रेषेच्या उत्तरेला पडतात. तिथले हजारो तरुण वीस वर्षे एसपीएलएच्या, म्हणजे एसपीएलएमच्या सैन्याच्या, बाजूने लढले होते, पण वाटाघाटींच्या टेबलावर त्यांचा प्रदेश 'उत्तर' ठरला. मध्यस्थांना दक्षिणेचा प्रश्न सोडवायचा होता. नुबांचा प्रश्न अडचणीचा, म्हणून त्यांच्यासाठी २६ मे २००४ रोजी वेगळा मसुदा झाला आणि त्यात स्वयंनिर्णय हा शब्दच आला नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ इथेच आहे.

आता प्रत्यक्ष यंत्रणा पाहू. सार्वमतात मतदार थेट उत्तर देतो. पर्याय दोनच: करारातली व्यवस्था मान्य करून एकत्र राहणे किंवा वेगळे होणे. कायद्याने अट घातली की नोंदणीकृत मतदारांपैकी ६० टक्क्यांनी मतदान केले पाहिजे आणि झालेल्या मतांत ५० टक्क्यांहून एक मत तरी जास्त हवे. टक्का भरला नाही तर ६० दिवसांत पुन्हा मतदान. खार्तूमला याहून कडक अटी हव्या होत्या. बरीच घासाघीस होऊन हे आकडे ठरले. मतपत्रिकेवर उघडा पंजा म्हणजे वेगळे होणे आणि एकमेकांत गुंफलेले दोन हात म्हणजे एकता, कारण बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते. ९ ते १५ जानेवारी २०११ या आठवड्यात मतदान झाले, ९८.८३ टक्के मते वेगळे होण्याच्या बाजूने पडली आणि ९ जुलैला नवा देश अस्तित्वात आला. उत्तर आल्यावर कुणाची परवानगी मागायची उरली नव्हती.

लोकसल्ल्यात मतपत्रिकाच नाही. आधी राज्याची विधानसभा निवडून यायची. मग त्या विधानसभेने समिती नेमून करार कितपत अमलात आला, लोकांच्या अपेक्षा पुऱ्या झाल्या का, हे तपासायचे. राष्ट्रपतींच्या पातळीवर आणखी एक आयोग. विधानसभेने 'करार पुरेसा आहे' म्हटले तर तोच अंतिम तोडगा. 'पुरेसा नाही' म्हटले, तर उणिवा कराराच्याच चौकटीत दूर करण्यासाठी खार्तूमशी वाटाघाटी. त्या फसल्या तर राज्यांच्या परिषदेची (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची) मध्यस्थी, मग लवाद. म्हणजे नकाराचा शेवटही, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच दारात. वेगळे होणे किंवा दक्षिणेत जाणे हे पर्याय कुठल्याच टप्प्यावर नाहीत. कराराच्या कागदात हे दोन्ही प्रकार ओळखायचे असतील तर 'लोकांनी नाही म्हटले तर पुढे काय' हे कलम आधी काढून वाचावे.

मतपत्रिका असली म्हणजे स्वयंनिर्णय आला, असेही नाही. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल आपल्याला माहीत आहे: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. स्वतंत्र राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. प्रश्न कोण लिहितो त्यावर उत्तराची कुंपणे ठरतात.

दुसरा मोठा फरक बंदुकीचा, आणि तो सहसा चर्चेतून निसटतो. सप्टेंबर २००३ च्या सुरक्षा करारात दक्षिणेने स्वतःची फौज सहा वर्षे राखली. सार्वमत टाळले तर युद्ध, हे खार्तूमला माहीत होते, म्हणून सार्वमत झाले. नुबा पर्वतांत आणि ब्लू नाईलमध्ये प्रत्येकी ६,००० जणांचे संयुक्त दल, निम्मे सरकारी, निम्मे एसपीएलए. उरलेल्या एसपीएलएने १९५६ च्या रेषेच्या दक्षिणेला जायचे. पण हे सैनिक मूळचे नुबाच. दक्षिण हा त्यांचा देश नव्हता, तिथे त्यांनी जायचे कुठे?

वेळापत्रकही तिथेच फसले. लोकसल्ल्यासाठी निवडून आलेली विधानसभा हवी, आणि दक्षिण कोर्डोफानमधली निवडणूक जनगणनेच्या वादामुळे मे २०११ पर्यंत रेंगाळली. तोवर दक्षिणेचे सार्वमत उरकून निकाल लागला होता, म्हणजे नुबांच्या पाठीशी असलेला सगळ्यात मोठा भिडू टेबलावरून उठलेला. पश्चिम सुदानमधल्या दारफूरच्या गुन्ह्यांसाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे वॉरंट डोक्यावर असलेले अहमद हारून सुमारे साडेसहा हजार मतांनी राज्यपाल निवडून आल्याचे जाहीर झाले. पराभूत उमेदवार, एसपीएलएमचे नुबा नेते अब्देल अझीझ अल-हिलू यांच्या पक्षाने निकाल नाकारला. त्याच महिन्यात खार्तूमने नुबा सैनिकांना हटण्याचा किंवा शस्त्रे टाकण्याचा हुकूम दिला आणि ५ जूनला राज्याची राजधानी कादुग्लीत युद्ध पेटले. लोकसल्ला तिथे सुरूसुद्धा झाला नाही. ब्लू नाईलमध्ये जानेवारीत जाहीर सुनावण्या झाल्या खऱ्या, पण खार्तूमचा सत्ताधारी पक्ष आणि एसपीएलएम या दोन्ही पक्षांनी लोकांना आधीच पढवून आणले होते: एका बाजूचे 'स्वशासन' म्हणत, दुसऱ्या बाजूचे 'संघराज्य'. सुनावणीचा अहवाल पुढे सरकण्याआधीच १ सप्टेंबरला तिथेही लढाई सुरू झाली.

सार्वमत लिहून घेतले म्हणजे ते होतेच, असे मात्र समजू नये. उत्तर आणि दक्षिणेच्या सीमेवरच्या अब्येई या वादग्रस्त प्रदेशाला करारात खरेखुरे सार्वमत होते, दक्षिणेसोबत त्याच दिवशी. ते आजवर झालेले नाही, कारण मतदार कोण हेच ठरले नाही. वर्षभर तिथे राहणारी न्गोक दिंका जमात, की दरवर्षी काही महिने गुरे घेऊन येणारे मिसेरिया अरबसुद्धा? करारात 'इतर रहिवासी' एवढेच मोघम शब्द होते. २००९ मध्ये हेगच्या लवादाने सीमा आखून दिली, पण रहिवासी कोण हे सांगणे त्याचे कामच नव्हते.

२०११ चा अनुभव गाठीशी असल्यामुळेच अल-हिलू आता लोकसल्ल्यासारखे काही ऐकून घेत नाहीत. मार्च २०१७ मध्ये, पक्षाच्या वाटाघाटींत स्वयंनिर्णय मागायचा की नाही यावरून त्यांनी उपाध्यक्षपद सोडले आणि पक्ष दुभंगला. ब्लू नाईलचे नेते मलिक अगार यांचा गट ऑक्टोबर २०२० मध्ये खार्तूमशी झालेल्या जुबा करारात स्वायत्ततेवर थांबला. स्वायत्तता आणि स्वयंनिर्णय यांतही लोक घोळ घालतात. १९७२ च्या अदिस अबाबा कराराने दक्षिणेला स्वायत्तताच मिळाली होती, आणि राष्ट्राध्यक्ष निमेरींनी १९८३ मध्ये ती एका फर्मानाने मोडीत काढली. अल-हिलूंनी जुबाला सही केली नाही. त्याआधी महिनाभर, सप्टेंबर २०२० मध्ये, सुदानचे तेव्हाचे पंतप्रधान हमदोक यांच्याशी अदिस अबाबात त्यांनी मान्य करून घेतले ते सशर्त होते: धर्म आणि राज्यसंस्था यांची फारकत व्हावी, ती झाली नाही तर स्वयंनिर्णय.

ही मागणी उद्या मान्य झाली तरी अब्येईचा प्रश्न तिच्यापुढे उभा राहणारच. दक्षिण कोर्डोफानमध्ये नुबांच्या कित्येक जमाती आहेत, तशीच हवाझमा आणि मिसेरिया ही अरब पशुपालक कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. शिवाय युद्धामुळे खार्तूमच्या वस्त्यांत गेलेले नुबा वेगळे. मतदारयादीत कोण असेल हे सही करण्याआधी, नावानिशी आणि निकषांसह, लिहून घ्यावे लागेल.