गाळात केळ का सापडत नाही?

उन्हाळ्यात जळगावचा पारा चढला की मोबाइलवर मेसेज फिरू लागतो: 'खानदेश म्हणजे महाभारतातलं खांडववन, इथे घनदाट जंगल होतं.' नावाच्या सारखेपणावरून जंगल सिद्ध होत नाही. त्याचा साक्षीदार आहे परागकण.

भाद्रपदात फुलोऱ्यातल्या ज्वारीतून चाललं की बाहीवर पिवळी भुकटी बसते. त्यातला कण मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढा. आतला जीव लवकर मरतो, पण बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या चिवट पदार्थाचं असतं आणि ते हजारो वर्षं टिकतं. तळ्याच्या गाळात असे कण थराथरानं साचतात. प्रयोगशाळेत तो गाळ हायड्रोफ्लुओरिक आम्लात ठेवतात, वाळू विरघळून जाते. मग ९ भाग अॅसिटिक अनहायड्राइड आणि १ भाग सल्फ्युरिक आम्लात तापवतात, सेल्युलोजही जातं. एवढं सोसून कवच उरतं, तेही नक्षीसकट! गवताच्या कणाला एकच गोल भोक, कपाशीच्या कणावर काटे, बाभळीचे कण तर गठ्ठ्यानेच चिकटलेले. स्वीडनचे भूशास्त्रज्ञ लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये अशा कणांची थरागणिक टक्केवारी मांडली आणि झाडांचा इतिहास वाचता येऊ लागला. मात्र गवताचा पराग वाऱ्यावर उडतो, कपाशीचा किडे नेतात. म्हणून गाळातली टक्केवारी म्हणजे रानातली टक्केवारी नव्हे.

कवचाचा वैरी हवा. आपली काळी माती चैत्रात भेगाळते, हवा खोल शिरते, पराग कुजतो. त्यामुळे तापीकाठच्या शेतात खणून फारसं हाती लागत नाही. कायम पाण्याखाली राहिलेला गाळ लागतो. आपल्या शेजारच्या बुलढाण्यातल्या लोणार सरोवरात तो आहे. तिथल्या गाळात सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ दुष्काळाच्या खुणा मिळाल्या. त्यात गेलुसाइट या क्षाराचे स्फटिकही आहेत; पाणी आटून खारट झालं की ते बनतात.

आणि रावेर-यावलची केळ? तिच्या परागाला हे कवच जवळपास नसतंच. शिवाय लागवडीची केळ वांझ, पराग देते तोही नावापुरता. म्हणजे हजार वर्षं केळीच्या बागा असल्या, तरी परागाच्या तक्त्यात केळीचा रकाना रिकामा राहील. पण केळीच्या पानात सिलिकाचे, म्हणजे वाळू ज्याची असते त्याच पदार्थाचे, सूक्ष्म कण तयार होतात, ज्वालामुखीच्या तोंडासारखे खोलगट. पान कुजलं तरी ते मातीत राहतात. न्यू गिनीतल्या कुक दलदलीत प्राचीन केळीची ओळख यांच्यावरूनच पटली. अडचण एवढीच, की पराग मोकळा करणारं हायड्रोफ्लुओरिक आम्ल हे कण विरघळवून टाकतं. म्हणून केळीचा माग काढायचा तर नमुना आधीच दोन भागांत वाटतात, आणि केळीच्या वाट्याला ते आम्ल लावत नाहीत.