टाकी उन्हात फुटत नाही. ती गळते, आणि ते शोधता येतं

उन्हाळा आला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच निरोप फिरू लागतो: टाकी फुल्ल करू नका, स्फोट होईल. इंडियन ऑइलनेच हा निरोप खोटा असल्याचं जाहीर केलंय, तरी तो थांबत नाही. पेट्रोलची वाफ पेटायला हवेत तिचं प्रमाण साधारण 1.4 ते 7.6 टक्के लागतं. बंद टाकीत ते एरवी याहून कितीतरी जास्त असतं, म्हणून तिथे जळायला पुरेशी हवाच नसते. ठिणगीशिवाय पेटायचं तर तापमान अडीचशे अंशांच्या आसपास जावं लागतं. धोका आहे तो बाहेर आलेल्या पेट्रोलचा. त्याची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड, ती जमिनीलगत साचते आणि पातळ होत होत नेमकी त्या 1.4 ते 7.6 टक्क्यांच्या पट्ट्यात येते.

काठोकाठ भरलेल्या गाडीखाली दुपारी दिसणारं पेट्रोल मात्र अनेकदा गळतीचं नसतं. दर अंशामागे पेट्रोल जवळपास 0.1 टक्का फुगतं. 35 लिटर पेट्रोल 15 अंशांनी तापलं तर अर्धा लिटर जागा जास्त मागतं. नोझल आपोआप बंद झालं की भरणं थांबवावं, एवढाच त्यावर उपाय.

खऱ्या गळतीत आधी पाहावं, ती केव्हा होते. कार्ब्युरेटरच्या दुचाकीत पेट्रोल फूटभर उंचीवरून आपल्या वजनाने खाली येतं. तिथला दाब जेमतेम 0.02 बार. इंजेक्शनच्या कारमध्ये टाकीतला पंप साधारण 3 ते 4 बारने ढकलतो, म्हणजे दीडशे पटींहून जास्त. छिद्रातून येणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे तेवढ्याच छिद्रातून इथे बारा-पंधरा पट पेट्रोल उडतं. त्यात रबरी नळीची चीर दाबाखालीच उघडते, म्हणून बंद गाडी उचलून पाहिली तर सगळं कोरडं दिसतं.

यासाठी इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, चावी फक्त 'ऑन'ला न्यावी, स्टार्टर मारू नये. बहुतेक गाड्यांत पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो. असं तीन-चार वेळा करून टाकीपासून इंजिनपर्यंत बॅटरीच्या उजेडात पाहावं: क्लिपखालची नळी, फिल्टरची दोन्ही टोकं, चासीला घासणारा पाइप, इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या भागाच्या) ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या. पेट्रोल उडून जातं, पण धुळीत धुतल्यासारखा स्वच्छ ओघळ ठेवून जातं. डिझेल उलट धूळ धरून काळा ओला डाग करतं. थेंब पडतो ती जागा क्वचितच मूळ असते. पुसून टाल्कम पावडर भुरभुरली की ओल कुठून सुरू होते ते कळतं.

बाहेर कुठेच ओल नाही, पण पेट्रोलच्या नळीला जोडलेल्या दाबमापक गेजवरचा दाब मिनिटाभरात शून्यावर येतो? मग पेट्रोल आतल्या आत जातंय. दाब चढताच टाकी आणि गेज यांच्यामधली रबरी नळी क्लॅम्पने चिमटून धरावी. रिटर्न पाइप (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा) नसलेल्या गाडीत आता दाब टिकला, तर दोष टाकीतल्या पंपाच्या व्हॉल्व्हचा किंवा दाब ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरचा. तरीही पडला, तर इंजेक्टर गळतोय. प्लास्टिकचा पाइप चिमटू नये, तो तडकतो.

टाकी भरल्यावर वास येतो आणि थोडं पेट्रोल संपताच थांबतो, तेव्हा टाकीतल्या पंपाच्या झाकणाची सील किंवा भरायच्या नळीचा जॉइंट तपासावा. उभ्या गाडीतही तळातून ठिबकत असेल, तर पत्र्याच्या टाकीला बहुधा आतून गंज लागलेला असतो, कारण पाणी जड असल्याने तळाशी बसतं.

अशा छिद्रावर साबण घासतात. साबण पेट्रोलमध्ये जवळपास विरघळत नाही, म्हणून गॅरेजपर्यंत पोचायला तो चालतो. आपल्याकडच्या पावसात मात्र धुऊन जातो.

कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक भागात वेल्डिंगवाले पावलोपावली आहेत, पण 'रिकामी' टाकी तशीच त्यांच्याकडे नेऊ नये. 40 लिटरच्या टाकीत 1.4 टक्के वाफ व्हायला अवघं 3 मिलिलिटर पेट्रोल पुरतं, आणि एवढं तर नुसत्या सांध्यांत अडकून राहतं. टाकी उतरवून, गरम पाणी आणि डिटर्जंटने अनेकदा धुऊन, छिद्राजवळची जागा सोडून पाण्याने भरल्यावरच आणि जाणकारानेच त्यावर काम करावं. प्लास्टिकची टाकी असेल तर सरळ बदलावी.