दात वाचवायचा की काढून इम्प्लांट बसवायचे: वादाची पार्श्वभूमी

किडीने पोखरलेली किंवा नस मेलेली दाढ रूट कॅनाल करून कॅपखाली ठेवावी, की सरळ काढून तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात बसणारे धातूचे कृत्रिम मूळ, बसवावे, यावर दोन दंतवैद्यांकडून दोन उत्तरे मिळाली तर नवल नाही. दोघेही छापील आकड्यांचा हवाला देतात आणि दोघांचे आकडे आपापल्या जागी खरेही असतात. गोम आहे ती हे आकडे कसे मोजले गेले त्यात.

जुन्या काळात फार रेंगाळण्याचे कारण नाही. हस्तिदंताच्या, पाणघोड्याच्या सुळ्यांच्या आणि मेलेल्या माणसांच्या दातांच्या कवळ्या १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत चालल्या. त्या महाग होत्या, तोंडात कुजत आणि चावायला जवळपास कुचकामी होत्या. १८४० च्या दशकात नायट्रस ऑक्साइड आणि ईथरची भूल आली, १८५० च्या दशकात जबड्याच्या साच्यावर नीट बसणारी कडक रबराची कवळी आली. दात काढून घेणे सोसवू लागले आणि कवळी परवडू लागली, दोन्ही एकाच सुमारास. मग चार दात दुखत असले तरी सगळेच उपटून टाकण्याची रीत पडली. रबराच्या पेटंटवरून परवाना शुल्क वसूल करणारी कंपनी आणि दंतवैद्य यांच्यात इतकी जुंपली, की १८७९ मध्ये एका दंतवैद्याने कंपनीच्या खजिनदाराला गोळी घालून ठार केले. दोनच वर्षांनी पेटंटची मुदत संपली. रबराची जागा अॅक्रिलिकने घेतली ती १९३० च्या दशकाअखेर, आणि साध्या कवळीचे ते साहित्य आजही तेच आहे.

आजच्या वादाशी थेट नाते आहे ते १९१० च्या आसपास पसरलेल्या एका मताचे. दाताच्या मुळाशी दडलेले जंतू संधिवातापासून मनोविकारापर्यंत कशालाही कारण ठरतात, असे तेव्हाच्या बड्या वैद्यांनी ठासून सांगितले. क्ष-किरण १८९५ पासून हाताशी होतेच. मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली की दात काढायचा, आणि पुढे तर नस मेलेला कोणताही दात संशयित धरून काढायचा, असे दोन-तीन दशके चालले. माणसे बोळकी झाली, संधिवात होता तिथेच राहिला. १९४० च्या आसपास हे मत मागे पडले, पण रूट कॅनाल करणाऱ्यांवर त्याचा ओरखडा राहिला. आपण ठेवलेल्या दातात संसर्गाचा लवलेशही नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर आली. १९५० च्या दशकात त्यांनी स्वतःसाठी यशाचे जे निकष लावले, ते म्हणूनच इतके कडक असावेत: दात दुखता कामा नये, आणि एक्स-रेवर मुळाच्या टोकाची सावली पूर्ण गेलेली हवी. सावली निम्म्याने कमी झाली, माणूस त्याच दाढेने वर्षानुवर्षे चावतो आहे, तरी नोंद ‘अपयश’ म्हणूनच व्हायची.

मधल्या काळात हत्यारे सुधारली. १९५७ मध्ये हवेच्या दाबावर फिरणारे अतिवेगवान हँडपीस आले आणि दात कोरून कॅपसाठी आकार देणे मिनिटांचे काम झाले. १९६० च्या दशकात धातूवर पोर्सिलेन भाजून चढवण्याची पद्धत स्थिरावली. पुढची तीसेक वर्षे ब्रिजची, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसणाऱ्या सलग जोडदातांची, होती. एक दात गेला तर शेजारचे दोन कोरायचे, चावण्याच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर. आधाराच्या दातांच्या मुळांचे एकूण पृष्ठफळ गेलेल्या दातांच्या मुळांपेक्षा कमी नको, हा १९२६ मधला आडाखा ब्रिज आखताना वापरला जाई. त्याला प्रयोगाचा भक्कम आधार कधीच नव्हता, तरी पाठ्यपुस्तकांतून तो हललेला नाही. ब्रिजचे खरे दुखणे वेगळे आहे. कोरलेल्या चांगल्या दातांपैकी काहींची नस पुढे मरते. एका टोकाचे सिमेंट सुटले तरी दुसरे टोक ब्रिज धरून ठेवते, त्यामुळे काही हलत नाही. सुटलेल्या कॅपखाली कीड मुकाट्याने वाढते आणि लक्षात येते तेव्हा आधाराचा दात हिरडीपर्यंत गेलेला असतो.

इम्प्लांटची गोष्ट १९५२ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झाली, तीही दातांसाठी नव्हे. सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काढता येईना. हाड त्याला चिकटून बसले होते. १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसले आणि तो ते चार दशके, मरेपर्यंत वापरत होता. तोवर पात्यासारखे किंवा हाडावर खोगिरासारखे बसवायचे जे इम्प्लांट प्रचारात होते, त्यांच्याभोवती बहुधा हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होत आणि ते सैल पडत. १९८२ मध्ये टोरांटोच्या परिषदेत स्वीडनचे दीर्घकालीन निष्कर्ष उत्तर अमेरिकेपुढे आले, आणि त्यानंतर दंतवैद्यकाचा नूरच पालटला. मूळ पद्धत संथ होती: स्क्रू बसवून हिरडी शिवून टाकायची, खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबायचे, मगच वर दात चढवायचा. हाडाला भोक पाडताना तापमान ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिले तरी हाड मरते, हे १९८० च्या दशकात दिसून आले. म्हणून कमी वेग, धारदार ड्रिल आणि सतत सलाइनची धार.

आता मोजणीकडे. इम्प्लांटसाठी १९८६ मध्ये यशाचे निकष ठरले. इम्प्लांट हलता कामा नये, भोवती काळी रेघ नको, दुखणे किंवा पू नको, आणि पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरच्या आत हवी. पहिल्या वर्षात साधारण मिलिमीटर-दीड मिलिमीटर हाड जाणे स्वाभाविक मानले गेले. कागदावर हे निकष ठीकच होते. पण पुढे माहितीपत्रकांत आणि व्याख्यानांत जो ९५ टक्क्यांचा आकडा फिरू लागला तो बहुतेक वेळा या निकषांचा नव्हता. इम्प्लांट तोंडात शिल्लक आहे की नाही, एवढेच त्यात मोजलेले असे. काही अभ्यासांत दात चढवण्याआधीच निसटलेले इम्प्लांट हिशेबातच धरले नव्हते. शिवाय अनेक अभ्यासांत सिगारेट ओढणारे आणि झोपेत दात खाणारे लोक आधीच वगळलेले, आणि शस्त्रक्रिया करणारे सगळे तज्ज्ञ. रूट कॅनालचे बरेच आकडे मात्र शिकाऊ विद्यार्थ्यांच्या आणि सर्वसाधारण दंतवैद्यांच्या हातचे होते.

दोन एक्स-रे शेजारी ठेवून पाहा. एकात रूट कॅनाल झालेली दाढ आहे. मुळाच्या टोकाची सावली सहा मिलिमीटरवरून दोनवर आली आहे, दुखत काही नाही. दुसऱ्यात इम्प्लांट आहे; त्याच्या चार-पाच आट्यांभोवतीचे हाड गेले आहे, हिरडीत प्रोब (खोली मोजायची बारीक सळी) घातला की रक्त येते. जुन्या मोजणीत पहिली दाढ अपयशी आणि दुसरे इम्प्लांट यशस्वी. १९९० नंतर ‘शंका असेल तर काढा आणि इम्प्लांट बसवा’ हा सल्ला ज्या आत्मविश्वासाने दिला गेला, त्यामागे बराचसा हाच हिशेब होता. त्या काळात वाचू शकल्या असत्या अशा किती दाढा गेल्या याची नोंद कुणीही ठेवलेली नाही.

दोन्हींना एकच गज लावायला २००० नंतरची वर्षे उजाडली. २००४ मध्ये विमा नोंदींतून १४ लाखांहून अधिक रूट कॅनाल झालेल्या दातांचा माग काढला गेला. आठ वर्षांनी ९७ टक्के दात तोंडात होते. हाही ‘तोंडात आहे’ एवढाच निकष, हे खरे, पण निदान दोन्हींकडे सारखा. त्याच नोंदींत एक जास्त कामाची गोष्ट निघाली: जे दात काढावे लागले त्यांतल्या सुमारे ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. २००६ मधल्या एका तुलनेत प्रत्येकी १९६ दात आणि इम्प्लांट जोडीने तपासले गेले. गमावण्याचे प्रमाण दोन्हींत ६.१ टक्के, अगदी सारखे. नंतर पुन्हा काहीतरी दुरुस्ती करावी लागली ती मात्र इम्प्लांटमध्ये १७.९ टक्के आणि दातांत ३.६ टक्के. पुढच्या वर्षी आलेल्या एकत्रित आढाव्यांनीही टिकण्यात फारसा फरक नसल्याचेच सांगितले.

तेव्हापासून प्रश्न बदलला. कोणता उपचार जास्त टिकतो याऐवजी हा विशिष्ट दात कॅप धरू शकेल का, हे आधी पाहिले जाऊ लागले. त्याचे मोजमाप साधे आहे. कीड आणि जुने फिलिंग पूर्ण काढल्यावर हिरडीच्या वर चोहोबाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर उंच आणि किमान एक मिलिमीटर जाड शाबूत दात उरला, तर कॅपची कड त्याला कवेत घेते आणि मूळ फाकत नाही. तेवढा दात उरला नसेल तर रूट कॅनाल कितीही सुबक होवो, कॅप पोस्टसकट, म्हणजे मुळात बसवलेल्या खुंटीसकट, निघून येते किंवा मूळ उभे चिरते. पोस्टने मूळ मजबूत होते हा समज अजून गेलेला नाही. पोस्ट वरचा गाभा धरून ठेवण्यापुरता असतो. त्यासाठी जास्तीचे मूळ कोरले तर ते उलट अशक्त होते. टोकाशी चार-पाच मिलिमीटर गटापर्चा (मुळात भरलेला रबरासारखा पदार्थ) राखायचाच, नाहीतर तळाचे सील जाते. उंची कमी पडली तर हिरडी आणि हाड थोडे खाली घेऊन किंवा तारेने मूळ हळूहळू वर ओढून ती मिळवता येते. हे उपाय जुनेच आहेत, इम्प्लांटच्या भराच्या काळात विस्मरणात गेले होते.

ही तपासणी कीड काढल्याशिवाय होत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत नुसत्या एक्स-रेवरून ‘दात जाणार’ किंवा ‘दात राहणार’ असे ठाम सांगितले जाते, तेव्हा ते घाईचेच असते. अपवाद उभ्या चिरलेल्या मुळाचा: एकाच जागी प्रोब अरुंद आणि खोल, सात-आठ मिलिमीटर, उतरत असेल आणि चीर दिसत असेल, तर त्या दाताला वाचवण्यात अर्थ नाही. चिरलेला दात जितका जास्त काळ ठेवाल तितके भोवतालचे हाड जाते, आणि पुढच्या इम्प्लांटलाच ते कमी पडते. दात काढल्यावर वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्मी होते, त्यातली बरीच पहिल्या तीन महिन्यांत.

दात आधीच गेलेला असेल आणि शेजारचे दोन्ही दात अस्पर्श असतील, तर ब्रिजसाठी ते कोरण्यापेक्षा इम्प्लांट सरस, यावर आता फारसे दुमत नाही. जागेची गणिते ठरलेली आहेत: शेजारच्या मुळापासून दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये तीन, खालच्या जबड्यातल्या नसेच्या नळीपासून दोन. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या कोन-बीम सीटीमुळे (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमुळे) ही अंतरे आधीच मोजता येतात. जबडा अजून वाढत असलेल्या कोवळ्या वयात मात्र इम्प्लांट नको. शेजारचे दात जबड्याबरोबर पुढे सरकतात, इम्प्लांट हाडाला जखडलेले असल्याने मागे राहते आणि बुटके दिसू लागते. त्या वयासाठी शेजारच्या एका दाताला मागून चिकटवायचा एका पंखाचा ब्रिज हाच बरा पर्याय. दाताला मुळाभोवती जी सूक्ष्म गादी असते तीही इम्प्लांटला नसते, म्हणून दात खाणाऱ्यांत स्क्रू सैल होणे आणि पोर्सिलेनचा टवका उडणे हे नेहमीचे. कॅप चिकटवताना हिरडीखाली राहिलेले थोडेसे सिमेंटही पुढे हाड खाऊ लागते, हे २००९ च्या सुमारास स्पष्ट झाल्यावर स्क्रूने बसणाऱ्या कॅपकडे ओढा वाढला.

काहीच न बसवणे हा पर्यायही इतिहासात आहे. मागच्या दाढा गेल्या तरी वर-खाली एकमेकांना भिडणाऱ्या दहा जोड्या शाबूत असतील तर बहुतेकांचे चावणे व्यवस्थित चालते, असे १९८१ मध्ये मांडले गेले आणि नंतरच्या पाहण्यांत ते टिकले. उपचार विकणाऱ्या व्यवसायाला हा निष्कर्ष कधीच फारसा आवडला नाही. उपचारांच्या यादीत तो क्वचितच दिसतो.

सगळेच दात गेलेल्यांसाठी २००२ मध्ये तज्ज्ञांच्या एका बैठकीने खालच्या जबड्यात साध्या कवळीऐवजी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हा किमान दर्जा मानावा, असे सुचवले. खालची कवळी टिकत नाही कारण तिथले हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजते. त्याच सुमारास चार इम्प्लांटवर अख्खी दंतपंक्ती एका दिवसात बसवण्याची पद्धत आली. मूळ कल्पना दात नसलेल्या जबड्यांसाठी होती. आता जागा करण्यासाठी धडधाकट दात काढल्याची आणि हाडाची कड तासल्याची उदाहरणे तज्ज्ञ स्वतःच चर्चेला घेत आहेत. चारांतले एक निसटले तर वरचे सगळे काम नव्याने करावे लागते.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या वर्गीकरणाने इम्प्लांटभोवतीच्या आजाराची व्याख्या सुरुवातीच्या एक्स-रेशी बांधली: कॅप चढवल्या दिवशीचा एक्स-रे उपलब्ध असेल तर त्याच्याशी तुलना, नसेल तर हाड तीन मिलिमीटर किंवा अधिक खाली आणि प्रोब सहा मिलिमीटर किंवा अधिक खोल. त्यामुळे तो पहिला एक्स-रे, इम्प्लांटच्या कंपनीचे नाव, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक लिहिलेले स्टिकर रुग्णाने स्वतःजवळ ठेवावे, असे आता सांगितले जाते. बाजारात शेकडो प्रकारचे स्क्रू आहेत, अनेक कंपन्या बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या. पंधरा वर्षांनी सैल झालेला स्क्रू घट्ट करायला नेमका कोणता स्क्रूड्रायव्हर लागेल हे त्या स्टिकरशिवाय कळायला मार्ग नसतो.